हिरूआयचे मीठ

सरकारी माणसासमोर हिरूआय डोईवरची पाटी उतरवीत नसे. रेवसजवळच्या आमच्या कोळीवाड्यात मीठखात्याचा जमादार दिसला, की बाया पाट्या खाली ठेवून वाटेच्या कडेला उभ्या राहत. तशी रीतच पडून गेली होती. हिरूआय मात्र वाटेच्या मधून चालत राही. एकदा जमादाराने खडसावले, तेव्हा ती म्हणाली, "जमादार, हात तुमचे मोकले हायत. तुमीच सरा."

मी तेथे शाळामास्तर होतो आणि तिच्या ओटीलगतच्या खोलीत राहत असे. एके दिवशी तिने मला मिठाचा कायदा समजावून सांगायला लावला. मासे खारवण्याचे मीठ सरकारी आवारात मिळे आणि तेथेच वापरावे लागे. उन्हाळ्यात खडकांच्या खळग्यांत आपोआप धरणारे मीठ उचलणे हा गुन्हा होता. कोणी ते उचलू नये म्हणून शिपाई त्यात चिखल कालवून जात. सारे ऐकून तिने विचारले, "मास्तर, दर्या कुनाचा?"

"कायद्याने सरकारचा," मी म्हणालो.

ती खूप हसली. "मंग भरती आली का त्यालाच सांगा, आवर म्हनून!"

त्या चैत्रात शिपाई चिखल घेऊन येण्याआधी ती वाड्यातल्या बायांसह खडकावर गेली. मीठ पदराखाली झाकायचे नाही, असे तिने बजावले होते. "चोरी आपली न्हाय. उघरं न्या." बाया गाणी म्हणत परतल्या.

मीठखात्याच्या साहेबाने कोणालाही पकडले नाही. ऐन हंगामात त्याने आवाराला फक्त कुलूप लावले. खडकावरून आणलेले मीठ लगेच संपले आणि होड्या भरून आलेली मासळी मिठावाचून अंगणाअंगणांत कुजली. काल गाणी म्हणणाऱ्या बायाच हिरूआयच्या दारात येऊन शिव्या देऊ लागल्या. जमात बसली आणि मुख्य पंचाने निवाडा दिला: हिरूने साहेबाची माफी मागावी; तोवर तिच्या घराच्या कामाला कोणी हात लावू नये.

या शिक्षेचा अर्थ किनाऱ्यावरच कळतो. होडी एकट्याने पाण्यात लोटता येत नाही. तिचा मुलगा पांडू रोज होडीला खांदा लावी. शेजारी जाळी विणीत बघत बसत. होडी तसूभरही हलत नसे. एका संध्याकाळी तो ओटीवर येऊन म्हणाला, "आये, तुजा मान मोठा, का माज्या पोरांचं प्वाट?"

सकाळी तिने साहेबाची माफी मागितली. आवार उघडले. दुपारी साऱ्या वाड्याने मिळून पांडूची होडी लोटली. "बरं केलंस, आय," मुख्य पंच म्हणाला.

पुढे देशभर मिठाचा कायदा मोडला जाऊ लागला आणि आमच्या किनाऱ्यावरही पुढारी आले. झेंडा घेऊन मुख्य पंच पुढे होता. या गावात पूर्वी एका बाईने मीठ उचलले होते, असे पुढाऱ्यांच्या कानावर गेले. त्यांनी तिच्यासाठी हार आणवला आणि मला बोलावणे घेऊन पाठवले.

हिरूआय परसात बोंबील साफ करीत होती. "झेंडा कुनाच्या हातात हाय?" तिने विचारले. मी सांगितले.

"मास्तर, त्यांना सांगा, हिरूनं माफी मागल्येली हाय. हार तिच्या गल्यात शोभायचा न्हाय."

मी तसे जाऊन सांगितले. आणलेला हार फुकट जाऊ नये, म्हणून तो मुख्य पंचाच्या गळ्यात घालण्यात आला.