माळावरची मंडळी

दवाखान्यात औषध संपायचं, पण किस्से कधी संपले न्हाईत! निजामाच्या राज्यात मी जालन्याच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात नर्स होते. नव्या पोरी विचारतात, "बाई, प्लेगच्या साली हसण्यासारखं काय होतं?" अगं, माणसं होती ना!

*

घराघरांत उंदीर मरून पडायला लागले आणि गाव रिकामं झालं. सगळे माळावर झोपड्या बांधून राहिले. आमची मूठभर ख्रिस्ती मंडळीही तिथंच. चर्चला कुलूप, म्हणून पाद्री याकोबराव चिंचेखाली उपासना घ्यायचे.

कुणीतरी कुरकुरलं, "पाद्रीबाबा, डोक्यावर छत बी न्हाई राह्यलं."

"बराबर! म्हंजे प्रार्थनेला वर जायला रस्ता मोकळा!"

*

रोज कुणीतरी जायचं. मी विशीतली पोर. एकदा याकोबरावांना विचारलंच, "तुम्हाला भीती न्हाई वाटत?"

"वाटती की! म्हणून तर प्रार्थना करून राह्यलो. न्हाई तर मस्त झोपलो नसतो का!"

*

टेंभुर्णीचे एक पाटील बाजाराला आल्ते आणि तापानं आडवे झाले. जवळ जायला कुणी धजेना. याकोबरावांच्या बायको, मार्थाबाई, आंबील घेऊन गेल्या. पाटलांनी तोंड फिरवलं.

"तुमच्या हातचं प्यालो तर बाटंन मी."

"पाटील, बाटायला बी आधी जगावं लागतं! प्या जल्दी."

पाटलांना हसू आलं. हसता हसता वाटी रिकामी झाली. आणि वाचले हो! गावाकडं निघाले तेव्हा हळूच विचारतात, "तुमच्या येशूला नारळ चालतो का?"

"त्याचं माहीत न्हाई," मार्थाबाई म्हणाल्या, "पण त्याच्या या माळावरच्या लेकरांना बिलकुल चालतो!"

*

राहेलबाई म्हणून एक विधवा म्हातारी होती. धान्य संपत आलेलं. याकोबराव प्रार्थनेत म्हणाले, "आमची रोजची भाकर आज आम्हास दे." सगळे "आमेन" म्हणाले.

राहेलबाईंनी डोळे उघडलेच न्हाईत. "आन् देवा," त्या पुढं म्हणाल्या, "हे लाजतेत. कालवणाचं मी सांगते!"

*

नाताळाच्या तोंडावर याकोबरावांची एकुलती एक लेक रूथ गेली. मार्थाबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आंबील घेऊन उभ्या. पण मंडळीत सगळ्यांत गोड गळा त्यांचा, तो बंद झाला. म्हणाल्या, "हात काय म्हणाल ते करतील. गळा मागू नका."

नाताळच्या संध्याकाळी पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले. "पादरीसाब, भीड मत करो. बीमारी फैलती."

"गर्दी न्हाई होणार. जो तो आपल्या दारात."

मंग काय, सगळे आपापल्या झोपडीच्या दारात उभे राहिले. याकोबरावांनी गीताची पहिली ओळ म्हटली, दुसरी शेजारच्या झोपडीनं उचलली, तिसरी त्यापलीकडच्या. गाणं माळभर फिरून आलं. अमीनसाहेब घोडा थांबवून ऐकत राहिले.

शेवटचं कडवं रूथच्या आवडीचं. याकोबरावांनी सुरू केलं आणि आवाज फुटला. पुन्हा धरला, पुन्हा फुटला. पुढची ओळ कुणी उचलेना.

तेवढ्यात त्यांच्याच झोपडीतून आवाज आला, "अहो, सूर उतरला तुमचा."

पदराला हात पुसत मार्थाबाई दारात आल्या.

"सरका जरा. मी देते."