खारे, गोडे आणि पाच पोवळी

आमच्या घरात पाहुण्यांपेक्षा पोवळ्यांना जास्त मान आहे, कारण पाहुणे सहसा मरत नाहीत.

पोवळी म्हणजे जिवंत, समुद्रातली. बैठकीतल्या काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात ती उमलतात, मिटतात आणि मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून दमून आले की मला बघून डुलतात (घरातलं दुसरं कुणी डुलत नाही). जळगावात समुद्र कुठे, असं विचारू नका. ते माझ्या सासूबाई, म्हणजे अक्का, रोज विचारतात. त्या शिरपूरकडच्या. त्यांच्या मते पोवळं मंगळासाठी अंगठीत घालायचं असतं. त्याला दिवा आणि पंप लागत असेल तर दुकानदारानं आपल्याला फसवलेलं आहे.

मागच्या वर्षी मी एक नवं पोवळं आणून थेट टाकीत सोडलं. त्याच्या बुडाशी लपून बारीक किडे आले आणि महिन्याभरात अर्धी टाकी साफ! तेव्हा ह्यांनी जाहीर केलं, "सुनंदा, पुढची खेप मेली तर टाकी विकायची. तिथे माझी आरामखुर्ची येईल."

"मंजूर!" मी म्हटलं. मला राग आला की मी पटकन मंजूर म्हणते. वाईट सवय आहे.

या मे महिन्यात धुळ्याच्या सलीमभाईंच्या दुकानातून पाच नवी पोवळी आणली. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन एसटीने आले. शेजारच्या बाईंनी "आइस्क्रीम का?" विचारलं, मी "हो" म्हणून टाकलं. निघताना सलीमभाईंनी बजावलं होतं, "भाभी, महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. तिथला हात मोठ्या टाकीत घालायच्या आधी धुवा."

मी काय, लगेच कामाला लागले. दोन फुटी टाकी, आत वाळू नाही, दगड नाही, लपायला जागाच नाही. चिमटा वेगळा, बादली वेगळी, टॉवेल वेगळा. नव्यांना आधी औषधाच्या पाण्यात बुचकळून काढलं, मगच आत प्रवेश. अक्का कौतुकाने बघत होत्या.

"कोरोनामा माले बी आसंच ठेयेल व्हतं, मांगली खोलीमा," त्या म्हणाल्या. "पन माले दिवा नव्हता लायेल."

माहितीपत्रकात लिहिलं होतं, पाणी कोमट राहावं म्हणून हीटर लावा. जळगावात! मे महिन्यात! मी टाकी बैठकीतच, थेट कूलरच्या झोतात मांडली.

आता पाण्याची व्यवस्था. मागच्या अंगणात दोन निळी पिंपं, अगदी जुळी. एकात पोवळ्यांसाठी समुद्री मीठ मोजून कालवलेलं पाणी, दुसऱ्यात कूलरसाठी साधं. मी चिकटपट्ट्या लावून ठळक लिहिलं: खारे. गोडे. ह्यांना पिंपासमोर उभं करून समजावलं.

"कूलर कशातून भरायचा?"

"गोडे."

"आणि खारेला?"

"हात लावायचा नाही. सुनंदा, मी बँकेत मॅनेजर होतो."

"म्हणूनच विचारतेय."

रविवारी मी दोन्ही पिंपं बाहेरून खसखसून घासली, झाकणं उन्हात वाळवली, लावून टाकली. सोमवारपासून रोज संध्याकाळी 'खारे'तून एक बादली काढायची आणि पोवळ्यांचं तेवढं पाणी बदलायचं, असा नेम सुरू केला.

मंगळवारी पोवळी थोडी आखडली. नवी जागा, म्हटलं, लाजत असतील.

त्याच दिवशी जेवताना ह्यांनी भुरका मारला. "वा! आज वरणाला काय चव आलीय!"

मी चमचा खाली ठेवला. डॉक्टरांनी ह्यांचं मीठ निम्मं केल्यापासून या घरात वरणाची स्तुती झालेली नव्हती. दुपारभर कूलरसमोर पडायचं, उठून जेवायला बसायचं आणि ओठांवरून जीभ फिरवत "झकास" म्हणायचं! सलग दोन दिवस! मी मनातल्या मनात फुगले. शेजारच्या वहिनींना फोन करून मीठ कमी घालून चव कशी राखायची ते शिकवलंसुद्धा.

बुधवारी पाचही पोवळी गच्च मिटली. बटणांसारखी होती ती तिळाएवढी झाली. हे मेजरटेप घेऊन आले आणि मोठ्या टाकीची जागा मोजू लागले.

"अजून मेली नाहीयेत!"

"नुसतं बघतोय. पाय लांबवायला जागा लागते." मग चष्मा पुसत म्हणाले, "दोन दिवस झाले, सगळं पांढुरकं दिसतंय. मोतीबिंदू असेल का गं?"

मी सलीमभाईंना फोन लावला.

"भाभी, टाकीतलं मीठ मोजा."

मोजलं. निम्म्यावर आलं होतं!

"उडून गेलं असेल," मी म्हटलं.

"मीठ उडत नाही, भाभी. पाणी उडतं. मीठ कुणीतरी नेलं."

कुणीतरी! माझी नजर स्वयंपाकघराकडे गेली. अक्का कैरीचं लोणचं घालत होत्या. शेजारी बरणी. शेजारी मीठ. मी सरळ जाऊन विचारलं, "अक्का, माझ्या पिंपातलं पाणी घेतलंत का लोणच्याला?"

अक्कांनी फोड खाली ठेवली. "मी? तुना माशासनं पानी? मना लोणचामा?"

त्या उठल्या आणि बैठकीत जाऊन कूलरसमोर माझ्याकडे पाठ करून बसल्या. शिरपूरकडची माणसं रुसली की बोलत नाहीत, पण जागा सगळ्यांत गार निवडतात. पाच मिनिटांनी त्यांनी ओठ चाटले. पुन्हा चाटले.

"सुनंदा! आठे ये."

"काय अक्का?"

"माले इचारस ना, मीठ कोठे शे? हाऊ तुना कूलर खारा शे!"

मी कूलरच्या जाळीवर बोट फिरवलं. पांढरी पूड. चाटली. समुद्र! मागची गवताची जाळी पापडासारखी कडक. टीव्हीवर पांढरी साय, सोफ्यावर साय, ह्यांच्या चष्म्यावर मोतीबिंदू! तीन दिवस आमचं अख्खं कुटुंब समुद्रकिनारी राहत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. आणि माझं ते झकास वरण? ते अळणीच होतं. ह्यांच्या ओठांना मीठ लागलेलं होतं!

"अहो! पाणी कशातून घेतलंत?"

"गोडे!" हे ओरडले. "लिहिलंय तसं! ये, दाखवतो!"

गेलो. लिहिलं होतं खरं. झाकणावर. रविवारी घासताना मी अदलाबदल करून लावलेल्या झाकणावर.

इथे एक सांगायला हवं. गेली वीस वर्षं मी प्रयोगशाळेत मुलांवर एकाच गोष्टीसाठी ओरडत आले आहे: लेबल बाटलीवर लावा, झाकणावर नको, झाकणं बदलतात!

सलीमभाई फोनवर हसले नाहीत (खोकले मात्र बराच वेळ). "भाभी, मीठ एकदम वाढवू नका. थोडं थोडं, तीन दिवसांत." मी थेंब थेंब मीठ चढवत बसले. अक्कांची माफी मागितली, त्यांनी ती कैरी चिरता चिरता स्वीकारली. हे कूलरची नवी जाळी घेऊन आले. आरामखुर्चीचं नाव काढलं नाही, पण मेजरटेप खिशातच होती.

शनिवारी सकाळी अक्कांचीच हाक आली. "ओ माय वं! उघडनं! बठ्ठं उघडनं!"

पाचही! ऐसपैस पसरून, हिरवी-जांभळी, अशी डुलत होती की मला थेट रडूच आलं असतं, पण दूध उतू जात होतं.

ह्यांनी मेजरटेप कपाटात ठेवली आणि दुपारी जेवताना वरण चाखून उसासा टाकला. "मंगळवारचं वरण पुन्हा नाही का जमणार?"

संध्याकाळी ते लाल ऑइलपेंट घेऊन अंगणात गेले. आता दोन्ही पिंपांच्या पोटावर हातभर अक्षरात लिहिलंय: खारे. गोडे. आणि दोन्ही झाकणांवर, खास माझ्यासाठी: 'हे फक्त झाकण आहे.'