खुदेजाखालाची डब्यांची भिंत

ओमानात दुपारी दुकानं बंद होतात आणि माणसं जेवून गुडूप झोपतात. सोहारजवळची आमची गल्ली मात्र याला अपवाद. इथे खुदेजाखालाचा शेवटचा रिकामा डबा भिंतीवर लटकल्याशिवाय कोणी शटर ओढत नाही. माझं इलेक्ट्रिकचं दुकान तिच्या खानावळीला लागूनच आहे, त्यामुळे या रिवाजापायी माझ्याइतकी झोप कोणाचीच बुडालेली नाही. आणि तरीही हा रिवाज कोणी मोडला तर मी त्याच्याशी भांडेन, हेही आधीच सांगून ठेवतो.

गल्लीमागच्या डोंगरात तांब्याची खाण होती. आता ती कधीच बंद पडली आहे; वर गेलात तर गंजलेले रूळ आणि हिरवट दगडांचे ढीग तेवढे दिसतील. पण ती चालू होती तेव्हा रायगड-रत्नागिरीची, केरळची, आमच्या वसईची माणसं या गल्लीत राहायची आणि पहाटेच्या गाडीने डोंगरात जायची. खुदेजाखाला मूळची म्हसळ्याची. तिचा नवरा जाफर खाणीत ड्रिल मशीन चालवायचा. ती नवी नवरी म्हणून इथे आली आणि पाहते तर काय, सगळे बाप्ये पावाबरोबर टिनच्या डब्यातले थंड मासे खाऊन दिवसभर जमिनीखाली राबतायत. आठवड्याभरात तिने डबे सुरू केले.

डबे सगळे सारखेच, म्हणून अदलाबदल ठरलेली. कमी तिखटवाल्याला जास्त तिखटाचा डबा जायचा आणि संध्याकाळी गल्लीत रामायण व्हायचं. तेव्हा जाफरचाचांनी समोरच्या कुंपणभिंतीत खिळे ठोकले. खाणीत प्रत्येकाला नंबर असायचा. तोच नंबर तांब्याच्या पत्र्यावर ठोकून त्यांनी प्रत्येक खिळ्यावर एकेक बिल्ला बसवला. सकाळी भरलेला डबा आपल्या खिळ्यावरून उचलायचा, पाळी संपली की रिकामा करून, धुऊन तिथेच आणून टांगायचा. खाला गप्पा मारतामारता भिंतीवरून नजर फिरवायची आणि सगळे खिळे भरले की म्हणायची, "चला, समदे वर आले." मग ती पान लावायची.

एका दुपारी एक खिळा मोकळा राहिला. तो आमच्या पप्पांचा, म्हणजे व्हॅलेरियनचा होता. खालाने पान खाली ठेवलं. गाडी आली होती, माणसं उतरली होती, कोणी म्हणालं व्हॅलेरियनला पाहिलं, कोणी म्हणालं नाही पाहिलं. खाला सरळ रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि तिने गाडी अडवली. खाणीचा फोरमन खल्फान हा ओमानी माणूस, आवाजाने डोंगर हलवणारा. तोही तिच्यापुढे मुकाट्याने गाडीत बसला आणि माणसं घेऊन पुन्हा बोगद्यात उतरला. इकडे न्हावी, शिंपी, हलवेवाला, सगळे शटर अर्धवट सोडून रस्त्यावर उभे.

आणि आमचे पप्पा? खोलीत घोरत पडलेले! खाणीत त्यांना मोरपंखी हिरवे दगड सापडले होते. ते माझ्या आईला, उर्सुलाला, वसईला पाठवायचे म्हणून त्यांनी डब्यात भरले आणि कोणाला दिसू नयेत म्हणून डबा कांबळ्यात गुंडाळून झोपी गेले. खल्फानने बोगद्यातून परत आल्यावर त्यांना दोन भाषांत शिव्या घातल्या. मग तो बाहेर येऊन दुकानदारांसकट सगळ्यांना म्हणाला, "आज से खाला का आखरी डब्बा वापस, तब छुट्टी. खलास." त्यानेही खालाकडून एक खिळा मागून घेतला. तेव्हापासून खाण बंद पडेपर्यंत तोच कायदा, आणि खाण बंद पडल्यावरही तोच. पुढे ड्रायव्हर, गवंडी, बंदरावरचे कामगार डबे न्यायला लागले आणि त्यांना खाणवाल्यांचे खिळे मिळाले.

जाफरचाचा गेल्यावर त्यांचा खिळा तसाच ठेवावा असं मला वाटत होतं. खालाने महिन्याभरात तो एका नेपाळी वेल्डरला दिला. "मोकला खिला बगवत नाय मना," एवढंच म्हणाली.

तर अशी ही भिंत. गेल्या वर्षी गल्लीचं नूतनीकरण निघालं. फरश्या, दिवे, सारख्या रंगाच्या पाट्या, सगळं छान. खानावळीलाही नवं स्वयंपाकघर मिळणार होतं. फक्त समोरची भिंत पाडून तिथे गाड्या लावायला जागा होणार होती. एका सकाळी भिंतीवर लाल रंगाची मोठी फुली दिसली. काम बघायला नगरपालिकेचा इंजिनियर आला. त्याचं नाव जमाल, आणि तो खल्फानचाच मुलगा निघाला! बाप गेल्यावर आईला घेऊन तो मस्कतला अल मवालेहला राहायला गेला होता आणि कामापुरता इकडे यायचा. पोरगा वागायला गोड. तो खालाला म्हणाला, "खाला, बिल्ले संभाल के निकालेंगे. म्यूझियम में काच के अंदर लगाएंगे. सबका इज्जत होगा."

मला ते पटलं, खोटं कशाला बोलू? मी खालाला म्हटलं, "खाला, चांगलं बोलतोय तो. बिल्ले मस्कतला राहतील, लोक बघतील."

"तू लय शाना झालास रॉबिन," ती म्हणाली. "तितं डबा कोन टांगनार? काचंला?"

मग काम सुरू झालं आणि धुरळा उडायला लागला. पाडकाम करणाऱ्यांना जेवायची सोय नव्हती. त्यांचे डबे जमिनीवर, डब्यांत मुंग्या. खालाने मुकादमाला हाक मारली आणि गावी गेलेल्यांचा एकेक खिळा प्रत्येकाला नेमून दिला. झालं! ज्यांनी भिंत पाडायची, त्यांचीच जेवणं त्या भिंतीवर. मुकादम रोज गल्लीच्या दुसऱ्या टोकापासून काम काढायचा आणि या बाजूला घणाचा आवाज म्हणून येत नव्हता. मी मनात हसलो. पण कागदावरची फुली तशीच होती, आणि गुरुवारी भिंत पाडायचीच असं जमाल सांगून गेला.

गुरुवारी तो सकाळीच आला. भिंतीसमोर उभा राहून बिल्ले वाचत राहिला, आणि एका ओळखीच्या नंबराशी थांबला.

"तुज्या बापाचा," खाला पोळपाटावरून नजर न उचलता म्हणाली. मग त्याला कळावं म्हणून हिंदीत, "तुम्हारा अब्बा का खिला है. आज तुम खाओ." तिने सुरमईचं सालन आणि भात भरून डबा त्या खिळ्यावर टांगला. जमालने तो उचलला. जेवणाची सुट्टी झाली, माणसं जेवली, डबे धुऊन परत आले. मुकादमाने घण आणायला सांगितलं. आणि खाला उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"एक डबा नाय आला."

खल्फानचा खिळा मोकळा होता. जमालची गाडीही दिसत नव्हती. तो मस्कतच्या रस्त्याला लागला होता. मुकादम म्हणाला, "खाला, साहब ले गया, आ जाएगा कल."

"कल नहीं. डबा नहीं, तो काम नहीं. रॉबिन, लाव फोन."

मी फोन लावला. जमाल खाबुरा गावाच्या पुढे पोचला होता. खालाने फोन हिसकावून घेतला, "बेटा, डबा किधर है?" इतकंच विचारलं आणि मला परत दिला. भर उन्हात सगळी गल्ली ताटकळली. न्हाव्याचं शटर वर, शिंप्याचं वर, हलवेवाल्याचं वर. मी दारात खुर्ची टाकून तासभर घाम पुसत खालाच्या नावाने बोटं मोडली.

जमालची गाडी आली. तो डबा छातीशी धरून उतरला आणि थेट खालाकडे गेला. डबा अर्धा भरलेलाच होता. "अम्मी के लिए ले जा रहा था," तो ओशाळून म्हणाला. "बाबा घर में इसी खाने की बात करते थे. उनको चखाना था."

खालाने आत जाऊन त्याच्या आईसाठी दुसरं भांडं काठोकाठ भरलं, आणि खल्फानचा डबा धुऊन त्याच्या हातात दिला. जमालने तो खिळ्यावर टांगला. मग वळून पाहिलं तर गल्लीभर उघडी दुकानं आणि आम्ही सगळे पेंगुळलेले, चिडलेले, त्याच्याकडे बघत उभे.

"ये सब लोग मेरे लिए रुका है?"

"हौ," खालाने मान हलवली.

"बाबा के लिए भी ऐसे रुकते थे?"

"सबके लिए," खाला म्हणाली. "अंदर गया आदमी जब तक ऊपर नहीं आता, तब तक."

 जमालने मुकादमाकडून चुन्याचा ब्रश मागून घेतला आणि स्वतः त्या लाल फुलीवर फिरवला. "चार गाड़ी का जगह कम होगा," तो म्हणाला. "नक्शा मैं बदलता हूँ."

नकाशा बदलला. आता नव्या फरश्या आहेत, नवे दिवे आहेत आणि मधोमध ती जुनी भिंत आहे, बिल्ल्यांसकट, रोजच्या डब्यांसकट. परदेशी पाहुणे येऊन फोटो काढतात, तेव्हा माझी छाती उगाचच फुगते. जमाल इकडे आला की बापाच्या खिळ्यावरचा डबा खातो आणि तिथेच धुऊन टांगतो.

त्या गुरुवारी, फुली पुसल्यावर, खालाने भिंतीवरून नजर फिरवली, म्हणाली, "चला, समदे वर आले," आणि पान लावायला बसली. आम्ही एकेकाने शटरं ओढली.