निशाचा प्रोसेसर

दोन्ही खोकी समीक्षाने एकाच दिवशी, मालाडच्या एकाच दुकानातून घेतली होती. एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे दोन प्रोसेसर. निशा सोबतच होती. "तू घे गं त्यातलं कुठलंही," ती म्हणाली, "मला कुठे काय कळतंय!" समीक्षाने डावीकडचं खोकं आपल्या पिशवीत टाकलं आणि उजवीकडचं निशाच्या हातात दिलं. पुढे महिनोन् महिने तिला तो काउंटर आठवत राहिला. स्वतःच्या हाताने दिलं, याची आग जास्त होती.

समीक्षा मढची कोळ्याची मुलगी. आई सोनूबाई मालाडच्या बाजारात मासळी विकायची. बारावीनंतर समीक्षा त्याच दुकानात कॉम्प्युटर जोडायला लागली आणि चार वर्षांत असा हात बसला, की गिऱ्हाईक थेट तिचं नाव घेऊन विचारायचं. मग एडिटिंगचा क्लास लावला. तिथे चारकोपची निशा धुरी भेटली. निशा मालवणी, वडील महादूकाका आधी गिरणीत आणि नंतर सिक्युरिटीत. क्लास संपल्यावर दोघींनी ठरवलं की आपापल्या घरी मशीन लावायचं आणि लग्नाचे, हळदीचे व्हिडिओ एडिट करायचे. दोन्ही मशीन समीक्षानेच जोडली. आणि ओव्हरक्लॉकही तिनेच केली.

कंपनी प्रोसेसरचा वेग थोडा हातचं राखून ठरवते. जाणकार माणूस सेटिंगमध्ये शिरून तो वाढवतो. वेग वाढवला की व्होल्टेज चढवावं लागतं, आणि व्होल्टेज चढलं की मशीन तापतं. त्यातही दोन प्रोसेसर दिसायला जुळे असले तरी एक थोड्या विजेत पळतो आणि दुसऱ्याला ढोसून ढोसून पळवावं लागतं. ते सगळं नशिबावर. खोक्यावर काही लिहिलेलं नसतं.

निशाचा प्रोसेसर पहिल्याच दिवशी पाच पॉइंट दोन गिगाहर्ट्झवर गेला. एक पॉइंट सव्वीस व्होल्टवर, हूं का चूं न करता. समीक्षाला वाटलं, वा, मालच भारी आलाय. घरी जाऊन तिने आपला लावला. पाच पॉइंट दोनवर चालूच होईना. पाच पॉइंट एकला निळा स्क्रीन येऊन मशीन बंद. शेवटी चार पॉइंट नऊवर टिकला, तोही भरपूर व्होल्टेज देऊन. एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायला लावला, की दहा मिनिटांत टेंपरेचर सत्त्याण्णव.

तिने मग काय काय केलं नाही! गरमी ओढून घेणारी थर्मल पेस्ट तीनदा बदलली, दोन पंखे जास्तीचे लावले, बाजूचं झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवला. पण तिची खोली माळ्यावरची, डोक्यावर पत्रा. खिडकीतून खारा वारा यायचा आणि त्याने मशीनमधल्या कूलरच्या पात्यांवर वर्षभरात पांढरी बुरशी धरल्यासारखं झालं. निशाच्या बेडरूममध्ये मात्र एसी होता. मशीनला पाण्याने थंड ठेवणारा मोठा कूलर होता, आणि तो घे म्हणून समीक्षानेच तिला सांगितलं होतं.

खरं तर फरक किती? दीड तासाच्या एक्स्पोर्टमध्ये सात-आठ मिनिटांचा. समीक्षाला हे पक्कं ठाऊक होतं. पण निशाचा मेसेज आला की, "संपलं माझं, तुझं?", ती आधी आपलं मशीन बघायची. स्क्रीनवर अजून अठरा टक्के बाकी असायचे. ती लिहायची, "माझं पण झालं."

सोनूबाईच्या नजरेतून काही सुटत नसे. "काय झाला गो बाय? तोंड उतरलाय तुजा."

"काही नाही. निशाचं मशीन माझ्यापेक्षा फास्ट आहे."

"तिचा तिला, आपला आपल्याला." आईने पाटी उचलली आणि ती बाजाराला गेली. समीक्षाला आईचाही राग आला.

मग बंगल्याचं प्रकरण झालं. समीक्षाच्या घरापासून दहा मिनिटांवर एक बंगला शूटिंगला भाड्याने जायचा. तिथे एका वेबसिरीजचं युनिट आलं. त्यांना रोजच्या शूटिंगचा कच्चा जोड त्याच संध्याकाळी हवा होता. प्रॉडक्शनचा माणूस धवल दोघींना भेटला, दोघींकडून एकाच दिवसाचं शूटिंग जोडून घेतलं आणि निशाला निवडलं. आता मढमधलं शूटिंग हार्ड डिस्कमध्ये भरून समीक्षाच्या दारावरून चारकोपला जाऊ लागलं. गाडीवाला कधीकधी तिलाच विचारायचा, "मॅडम, पुढे रस्ता खणलाय का?"

कारण प्रोसेसरच, याबद्दल समीक्षाच्या मनात शंका नव्हती. दुसरं काय असणार? टायटल तिला जास्त चांगली जमायची, रंग तिला जास्त कळायचे. निशाला तर रॅम आणि हार्ड डिस्क यांतला फरकही तिने शिकवलेला. त्या डब्यात तो चांगला प्रोसेसर बसला होता, आणि तो खरं म्हणजे तिचाच होता.

एका रविवारी दुपारी ती चारकोपला गेली. निशाने जेवायला बोलावलं होतं. महादूकाकांनी दार उघडलं. "काय गो चेडवा, बरी आसस मां?" आत बांगड्याचं तिखलं झालं होतं, सोलकढी होती. जेवण झाल्यावर निशा तिला हाताला धरून मशीनसमोर घेऊन गेली.

"हे बघ ना. इंटरनेटवर एक व्हिडिओ बघितला आणि स्वतः केलं. पाच पॉइंट चार!"

समीक्षाने आकडे पाहिले. वेग पाच पॉइंट चार होता. व्होल्टेज एक पॉइंट सत्तेचाळीस.

"टेंपरेचर शहाऐंशीच्या वर जात नाही," निशा म्हणाली. "तुझं तर सत्त्याण्णव जातं ना? म्हणजे माझं सेफ आहे. चालेल ना रोज असंच? तू हो म्हणालीस तरच ठेवते, नाहीतर मागे नेते."

इथे समीक्षाला बोलायचं होतं ते असं: गरमीपुरतं ठीक आहे, थंड पाणी गरमी ओढून नेतं. पण एवढं व्होल्टेज रोज सोसणं या प्रोसेसरच्या आवाक्याबाहेरचं आहे. टेंपरेचर कमी दिसलं तरी तो आतून झिजत जातो, आणि झिजला की परत येत नाही. दुकानात असे दोन प्रोसेसर तिने स्वतःच्या हाताने परत केलेले होते. हे वाक्य जिभेवर तयार होतं.

तिने स्क्रीनकडे बघत म्हटलं, "नव्वदच्या खाली आहे ना? मग चालतंय."

"झकास!" निशाने तिच्या खांद्यावर थाप मारली.

परत येताना समीक्षा मनाशी घोकत होती, आपण खोटं कुठे बोललो? नव्वदच्या खाली होतंच. तिने विचारलं, आपण सांगितलं. आणि कदाचित होणारही नाही काही. कितीतरी लोक चालवतात. पण त्या दिवसापासून निशाचा फोन आला की तिचे कान टवकारायचे. आवाजात काही काळजी आहे का, ते ती आधी ऐकायची. नसली की बरं वाटायचं. आणि थोडं वाईटही वाटायचं.

सात महिने काही झालं नाही. मग निशा एकदा म्हणाली, "काल मशीन आपोआप रिस्टार्ट झालं गं." पुढच्या आठवड्यात दोनदा झालं. समीक्षाने फोनवरच सांगितलं, वेग थोडा कमी कर. निशा पाच पॉइंट दोनवर आली. ज्या वेगावर ते मशीन पहिल्या दिवशी फुलासारखं चाललं होतं, त्या वेगावर आता ते अर्ध्या तासात कोसळायचं. एका संध्याकाळी धवलचं काम नव्वद टक्क्यांवर जाऊन मेलं, आणि दुसऱ्या दिवशीही तसंच झालं.

तिसऱ्या दिवशी धवल हार्ड डिस्क घेऊन समीक्षाच्या दारात उभा. "निशाजींचं मशीन बिघडलंय. त्यांनीच तुमचं नाव सांगितलं. आठवडाभर सांभाळाल?"

ज्याची इतके महिने वाट पाहिली ते असं चालून आलं. समीक्षाने काम घेतलं. घाई होती, मशीन मध्येच बंद पडायला नको, म्हणून तिने ओव्हरक्लॉकच काढून टाकलं आणि कंपनीच्या मूळ वेगावर चालवलं. टेंपरेचर शहात्तर. रोज साडेपाचला काम तयार. निशापेक्षा दहा मिनिटं उशिरा, पण तयार.

चौथ्या दिवशी ती स्वतःच बंगल्यावर डिस्क द्यायला गेली. तिला कौतुक ऐकायचं होतं. "वेळेत मिळतंय ना?" तिने विचारलं.

"वेळेचा प्रश्नच नाही हो," धवल म्हणाला. तो गुजराती, पण बोरिवलीत वाढलेला, मराठी सफाईदार. "वेळेत तर तुम्ही त्या पहिल्या दिवशीही दिलं होतं. राग मानू नका, पण डायरेक्टरना निशाजींचा कट आवडतो. कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर समजतं. तुमचं सगळं चकचकीत असतं, पण एकसारखं पळतं."

समीक्षा हसली, बरं म्हणाली आणि घरी आली. माळ्यावर जाऊन तिने त्या पहिल्या दिवशीचं आपलं काम काढलं. निशाचं काम तिच्याकडे होतंच, निशाने तेव्हा मोठ्या हौसेने पाठवलेलं. तिने कधी उघडलंच नव्हतं. एका दृश्यात म्हातारी बाई दार लावून घेते. समीक्षाने दार लागल्याबरोबर दृश्य तोडलं होतं. निशाने बंद दार तसंच दोन सेकंद ठेवलं होतं. समीक्षाने ते चार वेळा पाहिलं. प्रोसेसरचा त्यात काही हात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती चारकोपला गेली. निशा केस न विंचरता बसली होती. "बरं झालं आलीस. वाट लागलीय यार. पेस्ट बदलली, पंखे साफ केले, काही उपयोग नाही."

समीक्षाने सेटिंग उघडलं, वेग मूळ आकड्यावर आणला, चाचणी लावली. वीस मिनिटं दोघी आकडे बघत बसल्या. मशीन टिकलं.

"आता चालेल," समीक्षा म्हणाली. "पण वर नाही जाणार कधी. तो झिजलाय. त्या एक पॉइंट सत्तेचाळीसनं."

"पण तू तर म्हणाली होतीस चालतंय."

"मला माहीत होतं, निशा. तेव्हाच माहीत होतं."

निशाला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिने कीबोर्ड बाजूला सारला.

"का?"

"हेवा वाटत होता. तुझा चांगला निघाला, माझा नाही. मग बंगल्याचं काम तुला मिळालं."

"हेवा? या चिपचा?" निशाचा आवाज चिरकला. "अगं, मला सांगितलं असतंस तर दिला असता काढून! मला काय फरक पडत होता त्याने? तुला सांगायचं नव्हतं तर गप्प बसायचंस. 'चालतंय' कशाला म्हणालीस? मी तुला विचारलं होतं. तुलाच विचारलं होतं."

"माझा घे," समीक्षा म्हणाली. "चार पॉइंट नऊ जातो."

"नको. उठ, जा आता. आणि बाबांना काही बोलू नकोस, त्यांना तू आवडतेस."

बाहेर महादूकाका म्हणाले, "जेवन जा गो." ती काम आहे म्हणून निघाली.

समीक्षाने त्याच दिवशी धवलला फोन करून सांगितलं, निशाचं मशीन सुरू झालंय, डिस्क चारकोपला पाठवा. पुढे दोघींचं बोलणं तुटलं. निशाने काही महिन्यांनी नवा प्रोसेसर घेतला. तो तिने कांदिवलीच्या एका दुकानात बसवून घेतला. हे समीक्षाला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, आणि ते तिला फार लागलं. निशा आता शूटिंगही करू लागली होती. मढ गावात एका हळदीला ती आली तेव्हा दोघी मांडवात समोरासमोर आल्या.

"मशीन बरं आहे?" समीक्षाने विचारलं.

"बरं आहे. जसं आलं तसंच ठेवलंय," निशा म्हणाली आणि कॅमेरा घेऊन पुढे गेली. तिने पाठ मात्र फिरवली नाही, बाजूने गेली. समीक्षाने तेवढंच घरी आणलं.

आठवड्याने निशाचा तो हळदीचा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर आला. नवरीची आजी हळद लावता लावता मध्येच थांबते आणि नुसती बघत राहते. निशाने ती तशीच थांबू दिली होती. सोनूबाई मोबाईल हातात धरून डोळे पुसत होती. समीक्षा उठून माळ्यावर गेली. हेवा अजून होताच. तिने आपला अर्धा झालेला एक व्हिडिओ उघडला, कट झालेला एक तुकडा शोधून परत जोडला, आणि तो कुठे थांबवावा हे बघत बसली.