दहापैकी नऊ

आमच्या इंग्रजीच्या सरांच्या लाल पेन्सिलीतून कल्याण-डोंबिवलीतला एकही इंग्रजी कागद सुटला नसेल. लग्नपत्रिका आली की ती दुरुस्त होऊन आहेरासोबत यजमानांकडे परत जायची, खाली दहापैकी गुण. ठाण्याला खोपटच्या डेपोतली इंग्रजी सूचना दुरुस्त करण्याच्या नादात एकदा त्यांची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली. "एसटी तासाभरात दुसरी येईल," ते मला म्हणाले, "ही पाटी लोक दहा वर्षं वाचणार."

मी खाडीकाठच्या कोळ्याचा मुलगा. आमच्या घरात इंग्रजी यायचं ते औषधाच्या बाटलीवरून. सरांनी मानपाड्याच्या आपल्या खोलीत मला वाक्य आतून उघडून दाखवलं. 'अँड'ने जोडलेले शब्द म्हणजे पंगत, सगळे एकाच तऱ्हेचे, एका ओळीत. काम कसं, कधी, कुठे झालं ते सांगणारे शब्द म्हणजे वाढपी. त्यांनी हवं तिथे फिरावं, पण पानावर बसू नये. मी वाढप्याला हमखास पानावर बसवायचो. "अरे, तुझ्या दयाळूपणापायी पंगत मोडते," म्हणत सर पाच गुण द्यायचे. सहाच्या वर मी कधी गेलो नाही. तरी घराण्यातला पहिला पदवीधर झालो आणि सरांच्याच शब्दावर त्यांच्या शाळेत कारकून म्हणून लागलो.

सर तिथे अकरा वर्षं तात्पुरते होते. अखेर त्यांना कायम करायचं ठरलं. पत्राचा मसुदा माझा, टायपिंग माझं, सही संस्थेच्या चिटणीसांची. सरांनी नुसतं 'मान्य' लिहून सही करायची होती. तेवढं त्यांनी केलं. शिवाय 'ऑनेस्ट, पंक्च्युअल अँड रेग्युलरली' यातल्या शेवटच्या शब्दाची शेपटी लाल पेन्सिलीने उडवली आणि खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे टाइप करणारा आपली आद्याक्षरं घालतो तिथे, माझ्या अक्षरांना खेटून लिहिलं: नऊ.

चिटणीसांनी ते पत्र शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर धरलं.

"मास्तर, मला मार्क देता? या वयात?"

गुण कोणाचे ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. सर बोलले नाहीत. मीही बोललो नाही. फाइली छातीशी धरून भिंतीला लागून उभा राहिलो. जूनमध्ये त्या जागेवर चिटणीसांचा भाचा आला. पुढच्या वर्षी मी कायम झालो.

त्याआधी एकदा मानपाड्याला गेलो होतो. सर वाण्याच्या पुडीचा कागद तपासत बसले होते. तेवढं एक पत्र का नाही सोडलंत, असं मी विचारलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली नाही.

"चिटणीसाचं असतं तर सोडलंही असतं रे. तुझं होतं."

ते पत्र फाइलला लावायचं काम माझंच होतं. मी ते लावलं नाही, घरी आणलं. लाल रंग आता इतका फिका झालाय की तिथे नऊ आहे हे ज्याला माहीत असेल, त्यालाच तो दिसतो.