सहाव्या कॅसेटच्या पुढे

यशोधरा गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. आठवीचा वर्ग चालू होता. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, सांगलीचा फोन हाय." फोनवर तिचा धाकटा भाऊ मिलिंद होता. "मंजूताई, ताई गेली," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं गेली?" खरंच विचारलं. कारण यशी कायम कुठंतरी गेलेलीच असायची... आष्ट्याला मामाकडे, माणमध्ये चुलत्याकडे, नाहीतर कुणाला तरी कुठंतरी पोचवायला. मिलिंदला पुन्हा सांगावं लागलं. चोविसाव्या वर्षी, सकाळी केस विंचरता विंचरता ती खाली बसली आणि पुन्हा उठली नाही.

याला पाच आठवडे झाले. तेव्हापासून मला एका जागी धड बसवत नाही. वह्या तपासायला घेते आणि उठते. साताऱ्याच्या राजपथावरून उगाच दोन-दोन चकरा मारते. हे लिहितानाही तीनदा उठले. तिच्याबद्दल सांगायचं तर सुरुवात कुठून करायची, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे. एका जपानी कार्टूनपासून.

आम्ही दोघी कोयनानगरच्या वसाहतीत वाढलो. माझे वडील प्रकल्पाच्या ऑफिसात कारकून, मूळचे वाईचे. तिचे वडील, ज्यांना सगळी वसाहत दादा म्हणायची, प्रकल्पाची जीप चालवायचे. आमच्या दोन क्वार्टरांच्या मध्ये एकच भिंत. आम्ही नववीत गेलो त्या उन्हाळ्यात एक इंजिनियर साहेब जपानमधलं ट्रेनिंग संपवून परत आले आणि येताना व्हीसीआर आणि सहा कॅसेटी घेऊन आले. तिथल्या टीव्हीवर लागणारी एक मालिका त्यांनी आपल्या मुलासाठी भरून आणली होती. मुलाला तिचा आठवड्यात कंटाळा आला. साहेबांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, दुपारी सोबत हवी असायची. त्या आम्हाला बोलवायच्या.

व्हीसीआर तिकडचा, टीव्ही इकडचा, दोघांचं काही पटेना. रंग यायचेच नाहीत, आणि काळंपांढरं चित्र मधूनच वर सरकायला लागायचं. पण काय चित्र होतं ते! डोंगरात तळ्याकाठी एक तळ, आणि तिथं आमच्याच वयाच्या चार मुली. भोंगा वाजला की त्या धावत जाऊन आपापल्या यंत्रात बसायच्या आणि उडायच्या. कारण आकाश जुन्या लुगड्यासारखं टरकन फाटायचं आणि त्या फटीतून काहीतरी आत शिरायचं. मासे म्हणावेत तर मासे नाहीत, ढग म्हणावेत तर ढग नाहीत. ते कधीच पुरते दिसायचे नाहीत. अर्धे इकडे, अर्धे भलतीकडेच. साहेब म्हणाले, "हे दुसऱ्या मितीतले प्राणी आहेत." मिती म्हणजे काय ते आम्ही विज्ञानाच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, लांबी, रुंदी, उंची, आणि त्यापुढचं परीक्षेला नाही. यशीनं घरी येताना आपला अर्थ लावला. "म्हंजे ते हितंच असत्यात गं मंजे. फकस्त दिसत न्हाईत."

सगळं जपानीत. एक शब्द कळायचा नाही. मग यशीनं बोलायला सुरुवात केली. टीव्हीशेजारी मांडी घालून ती चौघींचे आवाज काढायची. लांब केसांची म्होरकी होती, तिचं नाव 'बाई'. एक चष्मेवाली. एक कायम रागावलेली, ती 'तापट'. आणि सगळ्यात लहान ती 'धाकली'. बाई हुकूम सोडायची, "डावीकडनं या गं समद्या!" आणि धाकली त्या अक्राळविक्राळ जनावराला सुनवायची, "ये की फुडं! आमी काय पळून जानार न्हाई!" काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा यशीची आई तिला बोलवायला आली आणि दारातच खिळून उभी राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "कुठल्या गं ह्या पोरी? ह्यांच्या आया घरी किती घोर करत असतील!" यशी न वळता म्हणाली, "आई, त्यास्नी सांगितलंच न्हाई घरी."

भूकंपाचे हादरे आम्हाला नवे नव्हते. फळीवरची भांडी वाजली की पायात चप्पल नसली तरी बाहेर पळायचं, हे लहानपणीच अंगवळणी पडलेलं. एका दुपारी असाच दणका बसला. काकू, मी, काकूंचा मुलगा, सगळे अंगणात. यशी नाही. मी खिडकीतून पाहिलं तर ती दोन्ही हातांनी टीव्ही कवटाळून उभी. बाहेर आल्यावर काकूंनी तिला अशी झापली की ज्याचं नाव ते. ती शांतपणे म्हणाली, "आवं काकू, धाकली फटीत गेली हुती. टीव्ही पडला आसता म्हंजे?"

सहावी कॅसेट तिथंच संपायची. आकाशातली फट बुजत चाललेली, बाकीच्या तिघी ओरडतायत आणि धाकली आपलं यंत्र घेऊन सरळ फटीच्या आत जाते. मग पडद्यावर नुसत्या मुंग्या. पुढच्या कॅसेटी साहेबांनी आणलेल्याच नव्हत्या. आम्ही तो भाग किती वेळा पाहिला, याला गणती नाही. मी म्हणायची, ती परत येते. यशी दर वेळी वेगळं सांगायची. कधी ती पलीकडून फट शिवते. कधी तिला तिकडे आणखी मुली भेटतात. तिचं एकही उत्तर दोन दिवस टिकत नसे.

त्याच वर्षी तिनं दादांकडे हट्ट धरला की जीप शिकवा. दादांनी सुट्टीच्या दिवशी वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर तिला शिकवलं. लोक बोलले. दादांनी ऐकून घेतलं आणि शिकवत राहिले. पुढे आम्ही दोघी कॉलेजसाठी साताऱ्यात खोली घेऊन राहिलो. ती बी.एस्सी. झाली, आणि मुलींना वैमानिक म्हणून वायुदलात घेत असल्याची जाहिरात तिनं पेपरातून कापून आणली. पण फॉर्म तसाच पडून राहिला. जाहिरात डोक्यावर ठेवून नाचलेली मुलगी सही करायला घाबरत होती. दादा भेटायला आले तेव्हा मी चुगली केली. दादांनी चहाचा कप खाली ठेवला. "आपल्या आज्यानं सगळ्या गावाम्होरं धर्म बदलला, आन् तू कागदावर सही करायला भितीस व्हय?" तिनं त्यांच्यासमोर सही केली.

बोलावणं आलं. ती गेली, सहा-सात दिवसांनी परतली. मी स्टँडवर उभी होते. उतरली ती हसतच. "मुलाखतीत पडले गं. इंग्रजी अडलं." मी म्हटलं, पुन्हा भर, मी तुझं इंग्रजी करून घेते. ती म्हणाली, बघू. असं तीन महिने "बघू" चाललं. शेवटी अजिंक्यताऱ्याच्या चढावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती सारखी थांबत होती, कठड्याला टेकत होती. मला वाटलं, विषय टाळतेय. माझ्या तोंडून जे गेलं ते गेलं. "कच खाल्लीस तू यशे. टीव्हीसमोर बसून आवाज काढायचे तेवढंच तुला जमतं." तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता उसळेल. ती नुसतं म्हणाली, "चल, खाली जाऊ." दुसऱ्या दिवशी सामान बांधून ती सांगलीला गेली. दादा तोवर निवृत्त होऊन तिथं राहायला आले होते.

दोन वर्षं आम्ही बोललो नाही. दिवाळीला एक-एक पत्र, तेही तब्येत विचारण्यापुरतं. मी विचारायची, ती "मजेत" लिहायची. दादांनी एक जुनी मारुती घेतली होती आणि बापलेक मिळून बायकांना गाडी शिकवायला लागले होते, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

यंदाच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी सांगलीला गेले आणि न राहवून तिच्या दारात उभी राहिले. जणू मी कालच गेले होते अशा आवाजात ती म्हणाली, "आलीस? बस मागं. शिकवणी हाय." पुढे चालवायला एक पन्नाशीच्या काकू होत्या, हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, नऊवारीतल्या, घामाघूम. मिरजेच्या रस्त्यावर समोरून ट्रक आला की काकू डोळे मिटायच्या आणि यशी ओरडायची, "डोळं उघडा काकू, लय भारी दिसतोय ट्रक!" मी मागच्या सीटवर हसून हसून बेजार. परत आल्यावर आम्ही कृष्णेच्या घाटावर गेलो. तिथंही तिला बसवेना, पायऱ्या उतरायची, दम लागला की थांबायची, पुन्हा उतरायची. मी भांडणाबद्दल काहीतरी पुटपुटले. तिनं हातानंच ते उडवून लावलं. मग मी विचारलं, "धाकलीचं काय ठरलं शेवटी?" ती पाण्याकडे बघत म्हणाली, "ठरवायचं कशाला? त्या लोकांनी फुडच्या कॅसेटी काढल्याच आसतील की. आपल्यापतूर आल्या न्हाईत, येवढंच."

ती आमची शेवटची भेट.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सांगलीला गेले. वंदना झाली, माणसं जेवून गेली. दादा भिंतीला टेकून बसले होते. यशीची आई मला आत घेऊन गेली आणि ट्रंकेतून एक फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली. वर वायुदलाचा कागद. ती मुलाखतीत पडली नव्हती. सगळ्या परीक्षांत पास झाली होती. मग वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. हृदयाची एक झडप आवळलेली. लहानपणी सांधे धरून ताप यायचा, त्याचं हे देणं. आई म्हणाली, "तवापासनं दर एकवीस दिसांनी सुई. मुंबईला आपरेशन करायचं ठरलं हुतं दिवाळी झाल्यावर. तुला सांगू नको म्हणायची. म्हणायची, मंजीला कळलं तर ती माज्याशी भांडायची बंद हुईल."

मी त्या चढावर तिला काय बोलले, ते आईला सांगितलं. सांगितल्याशिवाय तिथून उठताच आलं नसतं. आई बराच वेळ माझा हात चोळत राहिली. मग म्हणाली, "मला ठावं हाय. आल्या दिवशीच सांगितलं तिनं. हसत हुती. म्हणाली, आई, एक तरी माणूस हाय, त्याला वाटतंय मला काय झालेलं न्हाई." यानं माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. अजून होत नाही. ती कठड्याला टेकलेली दिसते आणि मी खुर्चीतून उठते.

निघताना मिलिंद म्हणाला, स्टँडवर सोडतो. मारुती दारातच होती. मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसले तर गुडघे समोर आदळले. सीट पार पुढे ओढलेली. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक आणि क्लच बसवलेला होता, आणि यशी बुटकी, तिचे पाय तिथवर पोचायचे नाहीत. मिलिंद म्हणाला, "ताईची जागा हाय. खाली खटका हाय बगा, मागं घ्या." मी खाली हात घातला. खटका हाताला लागला. तो दाबला नाही.

गाडी निघाली. वळणावर तोल सावरताना माझा पाय तिच्या ब्रेकवर पडला, गाडी गचकन थांबली, मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. मिलिंदनं ती पुन्हा चालू केली. तिथून स्टँड येईपर्यंत मी दोन्ही पाय वर उचलून धरले होते.