पेणच्या कार्यालयातला दोन फुटी समुद्र

बातम्या रद्दीत जातात, किस्से मात्र कार्यालयातच मुक्काम ठोकतात. आमच्या पेणच्या साप्ताहिकाच्या दोन खोल्यांत माशांसाठी खाऱ्या पाण्याची दोन फुटी काचेची टाकी आली आणि किश्श्यांची गर्दीच झाली.

टाकी आली ती शोभेचे मासे विकणाऱ्या मुंबईच्या एका दुकानदारामुळे. तो माझ्या तोंडावर म्हणाला, "समुद्रातले मासे स्वस्तात जगत नाहीत. तुमचे दोन महिन्यांत मरतील." तीस वर्षं भल्याभल्यांना खोटं पाडलं, याला सोडतो काय? त्याच्याच दुकानातून नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे आणून जगवून दाखवीन, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसलो.

*

पहिला प्रश्न पाण्याचा. आमचा फोटोग्राफर दिलीप रोह्याहून येतो. येताना त्याने खाडीचं पाणी कॅन भरून आणलं.

"फुकट आहे, साहेब."

"अरे, कारखान्यांच्या सांडपाण्याने या पाण्यात मासे मरतात म्हणून मी अर्धं आयुष्य बातम्या लिहिल्या. फोटो तूच काढलेस!"

"म्हणून तर जागा पटकन सापडली."

*

मग मी मिठागरावरून गोणीभर मीठ आणलं. पाण्यात मीठ घातलं की झाला समुद्र! रोज फुकट पेपर वाचायला येणारे धर्मादादा कोपऱ्यात बसले होते. त्यांची हयात मिठागरात गेलेली.

"साहेब, मीठ धरल्यावर कडू पानी उरतं, त्ये आमी सोडून देतो. दोनी मिळून दर्या व्हतो. तुमी नुसतं भाताचं आधण केलंय."

टाकीसाठी समुद्राचे सगळे क्षार असलेलं वेगळं मीठ विकत आणावं लागलं. गोणी दिलीपच्या आईच्या लोणच्यात संपली.

*

माशांना लपायला खडक हवा, विकतचा परवडेना. गणपती घडवणाऱ्या जोहे गावातल्या वामन मूर्तिकाराला म्हटलं, सिमेंटचा करून दे, भरपूर भोकं ठेव. त्याने केला, महिनाभर पाण्यात मुरवून आणला. मध्यभागी एक सुबक सपाट जागा.

"ही कशाला?"

"बसायला."

"कुणाला?"

"ते तुम्ही ठरवा. बिनाआसनाचं काम माझ्या हातून होत नाय."

दुकानातून आणलेला मऊ पोवळ्याचा जिवंत तुकडा तिथे असा बसला, जणू प्राणप्रतिष्ठाच झाली.

*

मासे आले. उन्हाळा म्हणून कार्यालयातला एकमेव पंखा टाकीकडे वळवला. आम्ही घामाघूम. पाणी रोज उतरायचं आणि दिलीप इमानाने खारं पाणी ओतून भर घालायचा. पंधरवड्यात मासे तळाशी धापा टाकू लागले.

धर्मादादांनी काचेच्या काठावरचा पांढरा थर बोटाने पुसला, जिभेला लावला.

"पानी उडतं, मीठ उडत नाय. तुमी मिठागर लावलंय. आठ दिस थांबा, पीक काढू."

चार दिवस ते स्वतः वाटीवाटीने गोडं पाणी घालत राहिले. पाचव्या दिवशी मासे वर आले.

*

तीन महिन्यांनी मी दुकानदाराला मुद्दाम बोलावलं. दोन्ही मासे ठणठणीत पाहून त्याने खिशातून खारटपणा मोजायचं यंत्र काढलं आणि टाकीतल्या पाण्याचा थेंब त्यावर टाकला.

"खारटपणा भयंकर वाढलाय. अर्धं पाणी काढून आत्ता गोडं भरा, नाहीतर उद्या दोन्ही मेलेले दिसतील."

दिलीप बादली आणायला धावला. धर्मादादांनी टाकीत बोट बुडवून चाखलं.

"बराबर हाय. हात लावू नको रं."

"हे यंत्र जर्मन आहे, आजोबा."

"आसंल. त्याला जरा आपलं नळाचं पानी पाजा."

पाजलं. जर्मन यंत्राने पेणच्या नळाचं पाणी खारट ठरवलं.

दुकानदाराने यंत्र पुसलं, पुन्हा थेंब टाकला, पुन्हा पुसलं. मग खुर्ची ओढून धर्मादादांच्या शेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला,

"दादा, रविवारी दुकानावर याल का? माझ्याकडे याच यंत्राने मोजलेल्या बावीस टाक्या आहेत."